इंजिन काकाच्या वाट्याला

आमच्याकडे वाटणीची रीत सोपी आहे, आणि म्हणूनच वाईट आहे. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्याला लबाडी करता येत नाही आणि धाकट्याला कुरकुर करायला जागा उरत नाही. भांडी, बैल, भाताची खाचरं, दारातला आंबा, सगळं या रीतीनं वाटता येतं. आमच्या बाबांनी या रीतीनं एक मोटार वाटली. एका वाट्यात मोटारीचा सांगाडा ठेवला आणि दुसऱ्यात तिचं इंजिन. हिरूकाकानं इंजिन उचललं. पंच पान चघळत बसले होते, त्यांनी माना डोलावल्या, कारण रीतीत कुठं चूक नव्हती. त्या दिवसापासून आमच्या ओटीसमोर इंजिन नसलेली मोटार आणि काकाच्या पडवीत मोटार नसलेलं इंजिन, असे दोन संसार सुरू झाले. हे मी कुणाला सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. आता मीही हसते, तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

आमचं घर चौकला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. आता तिथून गाड्या कधी आल्या न् कधी गेल्या कळत नाही, पण तेव्हा घाट चढायच्या आधी ट्रक आमच्याकडे थांबत. रेडिएटरात पाणी ओतायचं, ब्रेक आवळून घ्यायचे, चहा प्यायचा आणि देवाचं नाव घेऊन पुढं निघायचं. बाबा आणि काका दोघं मिळून गॅरेज चालवत. बाबांचा हात पत्र्यावर आणि लाकडावर. ठोकून ठोकून चेपलेला दरवाजा ते असा सरळ करत की ड्रायव्हर बोट फिरवून बघायचा. काकाचा कान इंजिनावर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. काकी म्हणायची, "इंजिनाचं ऐकतो, माझं नाय ऐकत." पत्र्याचा ठणठणाट, घाटाकडे निघालेल्या ट्रकांची घरघर, आणि मधेच आईची हाक, "जेवाया या रं दोघं!" या आवाजांत मी आणि कुंदा वाढलो. कुंदा म्हणजे काकाची थोरली. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. एका चटईवर झोपायचं, एका ताटात जेवायचं, आणि आई कुणाची हे फक्त मार खाताना आठवायचं.

ती मोटार खोपोलीच्या अलीकडच्या एका बंगल्यातून आली. साहेब देश सोडून कायमचे निघाले होते आणि शेडमधली जुनी मोटार तुम्हीच न्या म्हणाले. शेडमध्ये शेळ्या बांधत होते. मागच्या सीटवर एक शेळी व्याली होती म्हणे. बैल जोडून दोघा भावांनी ती घरी आणली तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. उघड्या टपाची, तारेच्या आऱ्यांची, घमेल्याएवढ्या दिव्यांची, दाराबाहेर रबरी भोंगा असलेली. लाकडी चौकट कुजलेली, पत्रा गंजलेला, पण भोंगा चालू होता. मी आणि कुंदानं तो दाबून दाबून शेजाऱ्यांना वेडं केलं. बाबा म्हणाले, मी हिला अंग देतो. काका म्हणाला, मी हिला जीव देतो. संध्याकाळी गॅरेजचं काम आवरलं की दोघं तिच्यावर बसत. बाबा शिवणीच्या लाकडाची चौकट रंधून बसवत आणि काकानं बाहेर काढलेलं इंजिन गोणपाटावर सुटं होऊन पसरलेलं असे. थंडीत मागच्या अंगणात पोपटी लावायची, मडक्यातल्या वालाच्या शेंगा आणि अंडी गरम गरम खायची आणि मोटार पुरी झाली की कोण कुठं बसणार यावर आम्ही पोरींनी भांडायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अन्न तेच होतं, हे मी आज सत्तरी ओलांडल्यावरही सांगेन.

मग कोंबडा झाला. आईनं गौरीच्या नैवेद्यासाठी राखून ठेवलेला कोंबडा काकीनं आपल्या भावाला कापून घातला. भाऊ अचानक आला होता, घरात काही नव्हतं, काकीचंही खोटं नव्हतं. पण आई म्हणाली, "गौरीच्या तोंडचा घास काढलास." काकी म्हणाली, "माझा भाव काय भिकारी हाय?" झालं. शब्दानं शब्द वाढला, बायकांचं पुरुषांत गेलं, पुरुषांचं पंचांत गेलं, आणि पावसाळा संपेपर्यंत एका चुलीच्या दोन चुली झाल्या. अंगणात पत्र्याची भिंत उभी राहिली आणि गॅरेजही मधून कापलं गेलं. कोंबड्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता वाटतं, त्याच दिवशी कुणीतरी बाजारातून दुसरा कोंबडा आणून दिला असता तर? पण तेवढं सुचण्याइतकं डोकं भांडणात कुणाचं थाऱ्यावर असतं!

भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, पण धंदा तर लागूनच. एकाच ट्रकाचा पत्रा इकडं आणि इंजिन तिकडं. मग बाबा अंगणातल्या कोंबडीकडे बघून मोठ्यानं म्हणायचे, "ए कोंबडे, सांग त्यांना, दरवाजा बसवून झाला, ट्रक घेऊन जा." पलीकडून काका आपल्या कोंबडीला सांगायचा, "सांग गं, आयकलंय म्हनावं, मी भैरा नाय." कोंबड्यावरून तुटलं आणि कोंबडीवरून चालू राहिलं. आम्हा पोरींना तर एकमेकींकडे बघायचीही बंदी. पण पत्र्याच्या भिंतीला खिळ्याचं एक भोक होतं. त्या भोकातून आम्ही चिंचा दिल्या-घेतल्या, रिबिनी दिल्या-घेतल्या, आणि एका सकाळी त्याच भोकातून कुंदानं मला सांगितलं, "लीले, माझं ठरलं. कर्जतकडं. वैशाखात."

मी विचारलं, "आन मी?" कारण आमच्यात मांडवाची पहिली मेढ थोरल्या घरच्या पुरुषानं रोवायची असते. ती बाबांनी रोवली तर आमचं घर मांडवात. नाही रोवली, तर काकीचा तोच भाऊ येऊन रोवणार, आणि मग मी भोकातून कुंदाची हळद बघायची. कुंदानं भोकाला तोंड लावलं. मग म्हणाली, "तू नाय आलीस तर मी हळद लावूनच घेयाची नाय." बोलायला काय जातं! लग्न ठरलेल्या पोरीला हळद लावतातच, ती नको म्हणो की हो म्हणो. मी त्या दिवशी जेवले नाही. आईनं विचारलं तर मी कोंबडीकडे बघून म्हणाले, "सांग गं हिला, भूक नाय." पाठीत धपाटा बसला.

अशा दिवसांत एकदा मुंबईचे एक साहेब आमच्या दारात थांबले. डोक्यावर चपटी टोपी, आणि त्यांची स्वतःची मोटार आमच्या मोटारीच्या आजोबांच्या वयाची, पण आरशासारखी. तिचं पाणी उकळलं होतं. पाणी निवेपर्यंत ते अंगणात हिंडले आणि ताडपत्री उचलून त्यांनी आमची मोटार बघितली. कितीतरी वेळ बघितली. बाबांनी बसवलेल्या लाकडावरून हात फिरवला, मडगार्डचा बाक बघितला. म्हणाले, मुंबईहून जुन्या मोटारी निघणार आहेत, खोपोलीला मैदानावर मुक्काम आहे, तिथं प्रदर्शन भरेल, तुम्ही ही आणा. बाबा म्हणाले, "साहेब, अर्धवट आहे अजून." साहेब म्हणाले, "अर्धवटच आणा. पुरी झालेली तर सगळेच आणतात." इंजिनाचं त्यांनी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही.

आईनं कपाळावर हात मारला. "अहो, विंजिन नाय तिला! चार लोकांत नाक कापून घेयाची हौस हाय काय तुमाला?" बाबा म्हणाले, "बॉनेट कोन उघडतंय? वरनं बघतील न् जातील." मला बाबांचा असा राग आला की सांगता सोय नाही. पोरीसारख्या पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, एक शब्द टाकायचा आहे भिंतीपलीकडे, तो टाकवत नाही, आणि हा माणूस रिकामी मोटार घेऊन जत्रेला निघालाय. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि मला वाटतं, त्या मोटारीचं कुणीतरी चांगलं म्हणावं आणि ते भिंतीपलीकडे ऐकू जावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे माझं आत्ताचं शहाणपण.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं दोर बांधून आमची मोटार ओढत नेली. बाबा स्टिअरिंगवर, धुवट सदऱ्यात. मागं मी आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेली आई. अंगभर लाल ऑक्साईड आणि मधे मधे पिवळ्या लांबीचे पट्टे, म्हणजे खड्डे बुजवायला पत्र्याला भरतात ते लुकण. देवी आलेल्या माणसासारखी दिसत होती बिचारी. तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी आणि पाण्याचा तांब्या ठेवायला जागा कुठं? आईनं बॉनेट उघडलं आणि सगळं आत ठेवलं. "कावळ्यापासून तरी राखेल," म्हणाली. ट्रकाला तसाच घाट चढायचा होता, म्हणून त्यानं आम्हाला शिळफाट्यावर सोडलं. तिथून मैदानापर्यंत ढकलण्यावाचून इलाज नव्हता. भर बाजारातून, कासोटा आवळून माझी आई आणि तिच्या शेजारी मी, अशी आमची स्वारी निघाली. भाजी घेऊन निघालेल्या एका ठाकरणीनं पाटी खाली ठेवली, येऊन खांदा लावला आणि आईला विचारलं, "बैल मेला काय गं बाय तुमचा?" आई ढकलता ढकलता म्हणाली, "मेला नाय गं. शेजारी बांधलाय."

मैदानावर मोटारीच मोटारी. निळ्या, हिरव्या, साईच्या रंगाच्या, पितळी दिवे चमकताहेत, गॉगल लावलेल्या बाया छत्र्या घेऊन उभ्या आहेत. आमची मोटार टोकाला लावली. पण गंमत अशी की माणसं तिच्याकडेच वळू लागली. चकचकीत मोटारीला हात लावायची चोरी, आमच्या मोटारीला हात लावता येत होता. बाबा सांगत होते, हे शिवणीचं लाकूड, हा वाक असा दिला, हा पत्रा गरम न करता ठोकला. टोपीवाले साहेब चार जणांना घेऊन आले आणि म्हणाले, बघा, या माणसाचा हात बघा. बाबांची मान ताठ झाली. मी माझा राग विसरले. आणि तेवढ्यात साहेब कौतुकानं म्हणाले, "चला, आता सगळ्या गाड्या मैदानाला एक फेरी मारतील. तुमचं इंजिन बघू," आणि बाबा "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी बॉनेट उचललं.

आत भाकऱ्यांचं गाठोडं, त्यावर तांब्या उपडा.

आधी कुणाला काही कळेना. मग मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "इंजन की जगह टिफिन!" आणि मैदान हशानं फुटलं. साहेब हसले नाहीत. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, ते बंद करायचंही त्यांना सुचत नव्हतं. आई पदरानं तोंड पुसत राहिली. मला रडू फुटलं. हसणाऱ्या माणसांकडे बघवत नव्हतं म्हणून मी लांब बघितलं, तर गर्दीच्या मागं कुंदा. आणि तिच्या शेजारी, सायकल धरून, हिरूकाका.

काका आला होता चोरून. कशाला आला होता, मजा बघायला की मोटार बघायला, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यानं सायकल कुंदाच्या अंगावर टाकली आणि माणसं बाजूला सारत पुढं आला. चेहरा लालबुंद. बाबांकडे बघितलं नाही. इकडंतिकडं बघितलं, पण मैदानावर कोंबडी नव्हती. मग मोटारीच्या दिव्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ए गाडी, सांग ह्यांना, हसू नका म्हनावं! तुझं विंजिन हाय. माझ्या पडवीत हाय. सगळं जोडून ठेवलंय. दर आवसेला तेल घालून हातानं फिरवतंय मी. सांग!"

हसणं थांबलं. बाबांनी मान वर केली. तेही गाडीलाच बोलले. "ए गाडी, विचार त्याला, मग आनून का दिलं नाय?"

"सांग त्याला, मागाया दारात यावं लागतं."

"त्याला विचार, विंजिन तो घेऊन बसला, गाडी दारात येल कशी?"

मग काकाच्याच नाकातून फुर्रकन हसू बाहेर पडलं. आई हसली. ते टिफिनवालं हसू वेगळं होतं आणि हे वेगळं, लोकांनाही ते कळलं असावं. साहेब म्हणाले, फेरी तर प्रत्येक गाडीची होणार, कशीही होवो. काकानं चपला काढून फेकल्या आणि मोटारीच्या मागं जाऊन दोन्ही हात लावले. बाबा स्टिअरिंगवर बसले. मागं वळले आणि किती पावसाळ्यांनी सरळ भावाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ढकल रं, हिरू."

"ढकलतंय, दादा."

आम्ही सगळ्यांनी ढकलली. कुंदा माझ्या शेजारी, तिचा दंड माझ्या दंडाला लागलेला. बाबा भोंगा वाजवत होते, पों, पों, आणि छत्रीवाल्या बाया टाळ्या पिटत होत्या. बक्षीस एका निळ्या मोटारीला मिळालं. आम्ही मोटारीच्या सावलीत बसून बॉनेटातल्या भाकऱ्या खाल्ल्या. भाकरीचा तुकडा मोडता मोडता काका म्हणाला, "दादा, वाटे केलेस तवा विंजिन येगळं काढलंस. माझ्या काळजात चर्र झालं."

बाबा म्हणाले, "मी काढलं ते तू नको म्हनशील म्हून. तू म्हनशील, गाडी तोडू नको, ऱ्हाऊ दे, आन मग मी म्हनेन, तर मग काहीच तोडू नको."

"आन मी उचललं ते तू मागाया येशील म्हून."

आईनं दोघांपुढं चटणी सरकवली. "दोघं येडे," म्हणाली, "आन आमच्या कोंबड्याचं नाव झालं."

गेल्या वर्षी आमच्या पोरांनी जमिनीचे वाटे करायला घेतले तेव्हा मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागले. सांगायचं काम माझं, ऐकायचं त्यांचं. असो.

वैशाखात मेढ बाबांनी रोवली. कुंदाला हळद मी लावली, इतकी लावली की काकी ओरडली. त्याआधी चैत्रभर दोघा भावांनी इंजिन बसवलं होतं. रंग द्यायला वेळ मिळाला नाही. कुंदाच म्हणाली, राहू दे, लांबी पिवळी आहे, तिलाही हळद लागलीय. लग्न लागलं, जेवणं उठली, आणि कुंदा नवऱ्याशेजारी त्या मोटारीत जाऊन बसली. बाबा स्टिअरिंगवर, त्यांच्या बाजूला काका, कान पुढं करून. हँडल मारलं, मारलं, पुन्हा मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. वऱ्हाडी हसायला लागले. काका ओरडला, "ढकला गं पोरींनो, लागेल आता!"

मी मागं गेले आणि हात लावले. पत्रा उन्हानं तापला होता. कुंदा मागं वळून बघत होती, मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या होत्या, आणि ती रडत होती की हसत होती मला कळेना. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हिला परत मिळवायला जी मोटार मी ढकलली, तीच आता हिला घेऊन निघाली आहे, आणि ढकलतेय पुन्हा मीच. हात काढून घ्यावेत असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मी ढकलली, होता नव्हता तेवढा जोर लावून. रस्त्याच्या उताराला इंजिन लागलं. काका आनंदानं ओरडला, कुंदानं भोंगा दाबला, आणि मोटार माझ्या हातांखालून निघून गेली. मी तशीच उभी होते, दोन्ही हात पुढं केलेले.